म्हैसूरच्या योगशाळेतील भाषा : तिरुमलै कृष्णमाचार्य यांचे जीवन

म्हैसूर नगरीत योगासने शिकण्यासाठी परदेशातून येणाऱ्या अभ्यासकांचा ओघ गेली काही दशके अखंड चालू आहे. यांतील बहुतेकांना कन्नड येत नाही, संस्कृतचा तर गंधही नसतो. तरीही शिक्षकाने संस्कृतात अंक उच्चारताच सगळी शाळा एका श्वासाने हालते. भाषेचा एवढा मोठा अडसर असताना हे अध्यापन चालते तरी कसे, असा प्रश्न पाहणाऱ्यास पडणे स्वाभाविक आहे. त्याचे उत्तर शोधू गेल्यास आपण तिरुमलै कृष्णमाचार्य यांच्या जीवनक्रमापाशी येऊन पोहोचतो. समुद्र ओलांडून पाश्चात्य देशांत ते कधी गेले नाहीत आणि आपले प्रमुख ग्रंथ त्यांनी कन्नड व संस्कृत या भाषांत रचले. असे असूनही ज्यांच्या शिष्यपरंपरेने आसनविद्या जगभर नेली, असे विसाव्या शतकातील सर्वांत प्रभावी योगाचार्य म्हणून त्यांचेच नाव घ्यावे लागते. त्यांच्या चरित्राचा भाषेच्या अंगाने विचार करणे हा या लेखाचा उद्देश आहे.

कृष्णमाचार्य यांचा जन्म १८ नोव्हेंबर १८८८ रोजी तत्कालीन म्हैसूर संस्थानातील चित्रदुर्ग जिल्ह्यात मुचुकुंदपुर या गावी झाला. कुळ श्रीवैष्णव अय्यंगारांचे. या संप्रदायाचे एक वैशिष्ट्य भारतीय साहित्याच्या अभ्यासकांना परिचित आहे, ते म्हणजे उभयवेदान्त. संस्कृत वेद आणि आळ्वारांचे तमिळ दिव्यप्रबंध या दोहोंना तेथे सारखेच प्रामाण्य आहे. हे तमिळ प्रबंध ज्यांनी संकलित केले त्या नाथमुनींशी कृष्णमाचार्यांचे घराणे आपले नाते सांगत असे. नाथमुनींविषयी संप्रदायात अशी आख्यायिका आहे की, लुप्त झालेली तमिळ पदे त्यांना आळ्वार तिरुनगरी येथे ध्यानावस्थेत नम्माळ्वारांकडून पुन्हा प्राप्त झाली. पुढे सोळा वर्षांचे असताना कृष्णमाचार्य याच क्षेत्री गेले, आणि नाथमुनींचा नष्ट झालेला 'योगरहस्य' हा ग्रंथ तेथे आपणास दर्शनात मिळाला असे ते सांगत. हा दृष्टान्त इतिहासाच्या कसोटीला लावण्याचा विषय नव्हे. परंतु त्यातून त्यांच्या मनाची घडण मात्र स्पष्ट होते. ज्ञान एका भाषेत हरपते आणि दुसऱ्या काळी, दुसऱ्या मुखाने पुन्हा प्रकट होते, ही कल्पना त्यांच्या वारशातच होती.

वडिलांनी बालपणीच त्यांच्याकडून संस्कृतचा पाया घालून घेतला. पण मुलगा दहा वर्षांचा असतानाच वडील वारले. त्यानंतर कुटुंब म्हैसूरला आले. त्यांचे पणजोबा तेथील परकाल मठाचे अधिपती झालेले होते, त्यामुळे मठाचे आणि राजाश्रयाच्या संस्कृत महाविद्यालयाचे असे दोन्ही दरवाजे मुलाला उघडले. १९०६ मध्ये ते काशीस गेले आणि शिवकुमार शास्त्री यांच्याकडे व्याकरण व न्याय यांचे अध्ययन करू लागले. मधला काही काळ म्हैसूरला घालवून १९१४ मध्ये ते पुन्हा काशीस परतले. दक्षिणेतून गेलेल्या विद्यार्थ्याला त्या काळी काशीत कोणती भाषा उपयोगी पडत असेल हे सांगावयास नको. शास्त्रार्थाची भाषा संस्कृत होती. बंगाली, मैथिल, महाराष्ट्रीय आणि द्रविड पंडित तिच्याच आधारे एकमेकांशी वाद घालीत. भाषांच्या सीमा ओलांडण्यासाठी संस्कृत हे साधन म्हणून वापरता येते, हा अनुभव कृष्णमाचार्यांनी येथे प्रत्यक्ष घेतला. पुढे त्यांच्या शाळेत संस्कृतला जे स्थान मिळाले, त्याचे मूळ केवळ धर्मश्रद्धेत न शोधता या अनुभवातही शोधावयास हवे.

यानंतरचा काळ त्यांच्या चरित्रातील सर्वांत चर्चिला गेलेला आणि सर्वांत कमी पुरावा असलेला भाग होय. हिमालयापलीकडे कैलास-मानससरोवराच्या परिसरात राममोहन ब्रह्मचारी नावाच्या गुरूपाशी आपण सुमारे सात वर्षे राहिलो, असे ते सांगत. या वास्तव्याला त्यांच्या स्वतःच्या कथनापलीकडे आधार नाही, हे आधुनिक संशोधकांनी दाखवून दिले आहे. परंपरेने मात्र त्या कथेतील एक तपशील जपून ठेवला आहे. गुरुदक्षिणा म्हणून शिष्याने गृहस्थाश्रम स्वीकारावा आणि योगविद्या लोकांत न्यावी, असा आदेश झाला. विद्वत्तेच्या बळावर एखाद्या मोठ्या पीठावर जाऊन बसणे त्यांना शक्य होते. तो मार्ग त्यांनी घेतला नाही, एवढे मात्र निश्चित.

१९२५ मध्ये त्यांचा विवाह नामगिरी अम्मा यांच्याशी झाला. पुढची काही वर्षे हलाखीची गेली. काशीत शास्त्रे पढलेल्या या पंडिताला हासन भागातील कॉफीच्या मळ्यावर नोकरी करून संसार चालवावा लागला. योग शिकवून पोट भरेल अशी त्या काळी स्थितीच नव्हती. सर्वसामान्य सुशिक्षितांच्या दृष्टीने आसने ही बैराग्यांची किंवा डोंबाऱ्यांची कला होती. हे चित्र पालटले ते म्हैसूरचे महाराज चौथे कृष्णराज वडियार यांच्यामुळे. १९३१ मध्ये महाराजांनी त्यांना संस्कृत महाविद्यालयात अध्यापनासाठी बोलाविले आणि १९३३ मध्ये जगन्मोहन राजवाड्याच्या एका भागात स्वतंत्र योगशाळा काढून दिली. या राजघराण्यात आसनांविषयी आस्था पूर्वीपासूनच होती. एकोणिसाव्या शतकात तिसरे कृष्णराज यांच्या काळी सिद्ध झालेल्या 'श्रीतत्त्वनिधी' या ग्रंथात १२२ आसनांची चित्रे आहेत.

योगशाळेत प्रामुख्याने राजघराण्याशी संबंधित अरसु कुळांतील मुले येत. शिक्षक अत्यंत कडक होते. मुलांची भाषा कन्नड, पण आसनांची नावे आणि संज्ञा संस्कृत. प्रत्येक आसनाकडे जाण्याच्या हालचाली मोजून ठरविलेल्या आणि प्रत्येक हालचालीला पूरक किंवा रेचक बांधून दिलेला. यालाच ते विन्यास म्हणत. या पद्धतीतच पुढच्या भाषिक घडामोडीचे बीज आहे. एखादी विद्या वर्णनाने शिकवावयाची झाली, तर वर्णनाची भाषा विद्यार्थ्याला यावी लागते. ती मोजून शिकवावयाची झाली, तर अंक कळले की पुरते. मुलांच्या कवायतीसाठी सोयीची म्हणून जी शिस्त आली, ती पुढे परभाषी विद्यार्थ्यांसाठी पूल ठरली. मात्र या योजनेमागे परदेशी शिष्यांचा विचार मुळीच नव्हता, हे विसरता कामा नये.

१९३४ मध्ये त्यांचा 'योगमकरंद' हा ग्रंथ प्रसिद्ध झाला आणि १९४१ मध्ये 'योगासनगळु'. दोन्ही कन्नड. संस्कृतात सहज लेखन करणाऱ्या पंडिताने शास्त्रीय विषयासाठी प्रादेशिक भाषा निवडावी, ही गोष्ट आपल्या साहित्येतिहासात नोंदली जावयास हवी. या निवडीचे वेगळेपण जाणण्यासाठी समकालीन महाराष्ट्राकडे पाहावे. लोणावळ्यास स्वामी कुवलयानंद यांनी १९२४ मध्ये 'योगमीमांसा' हे त्रैमासिक सुरू केले ते इंग्रजीत, कारण त्यांना प्रयोगशाळेतील निष्कर्ष जगातील वैज्ञानिकांपुढे ठेवावयाचे होते. औंधचे अधिपती भवानराव पंतप्रतिनिधी यांनी सूर्यनमस्कारांचा प्रचार मराठीत केला, आणि १९३८ मध्ये त्यांचे इंग्रजी पुस्तक लंडनहून प्रसिद्ध झाले. १९३४ मध्ये कृष्णमाचार्य स्वतः लोणावळ्यास कुवलयानंदांचे कार्य पाहण्यासाठी गेले होते. म्हणजे इंग्रजीचा मार्ग त्यांना ठाऊक नव्हता असे नाही. तरी त्यांनी लिहिले ते आपल्या राज्यातील वाचकांसाठी. याचा परिणाम दुहेरी झाला. कन्नड वाचकाला ही विद्या घरच्या भाषेत मिळाली. पण बाहेरच्या जगाला कृष्णमाचार्य कळले ते शिष्यांच्या इंग्रजी पुस्तकांतून. 'योगमकरंद' इंग्रजी वाचकांच्या हाती येण्यास एकविसावे शतक उजाडावे लागले. मधल्या सात दशकांत त्यांच्या विचारांविषयी जे लिहिले गेले, त्यातील बराच भाग मूळ ग्रंथ न वाचता लिहिला गेला.

महाराजांच्या आज्ञेवरून ते शिष्यांना घेऊन ठिकठिकाणी प्रात्यक्षिके करीत. अशाच एका दौऱ्यात धारवाड-बेळगाव या सीमाभागात ते आले असता तेथील स्त्रियांनी शिकण्याची इच्छा दर्शविली. शिष्यांपैकी वयाने सर्वांत लहान म्हणून मेहुणा सुंदरराज याला ते काम देण्यात आले. हाच मुलगा पुढे बी. के. एस. अय्यंगार या नावाने प्रसिद्धीस आला. बेळगावचे सिव्हिल सर्जन डॉ. व्ही. बी. गोखले यांच्या पुढाकाराने १९३७ मध्ये डेक्कन जिमखान्यावर वर्ग चालविण्यासाठी पुण्यास एक शिक्षक पाठवावयाचे ठरले. कृष्णमाचार्यांनी अय्यंगारांची निवड केली, त्याचे एक कारण असे की, शिष्यांत थोडेफार इंग्रजी त्यांनाच येत होते. गंमत अशी की, हाच मुलगा मॅट्रिकच्या परीक्षेत इंग्रजीत थोड्या गुणांनी अनुत्तीर्ण झाला होता. पुण्यात आल्यावर मराठी येत नाही, इंग्रजी मोडकेतोडके, आणि वर्गातील विद्यार्थी वयाने व शिक्षणाने मोठे, अशी त्यांची अवस्था होती. प्रात्यक्षिकांच्या वेळी शरीररचनेचे विवरण डॉ. गोखले करीत आणि आसने अय्यंगार करून दाखवीत. परदेशी माणसाला म्हैसूरमध्ये जी अडचण आज येते, तीच एका म्हैसूरकराला पुण्यात आली होती. फरक एवढाच की, येथे परका होता तो शिक्षक. या अडचणीतूनच त्यांनी शरीराच्या प्रत्येक अवयवाला उद्देशून सूचना देण्याची सूक्ष्म भाषा घडविली. १९६६ मध्ये त्यांचे इंग्रजी पुस्तक निघाले आणि मराठी वाचकांना ते 'योगदीपिका' या नावाने परिचित झाले.

खुद्द म्हैसूरच्या शाळेत परदेशी पाहुणे येऊ लागले ते १९३५ च्या सुमारास. फ्रेंच हृदयतज्ज्ञ तेरेझ ब्रॉस यांनी यंत्रे लावून कृष्णमाचार्यांच्या हृदयक्रियेची नोंद घेतली. पण ही भेट निरीक्षकाची होती, विद्यार्थ्याची नव्हे. खरी कसोटी लागली ती १९३७ मध्ये. रिगा येथे १८९९ मध्ये जन्मलेल्या युजीनी पीटरसन या स्त्रीने, जिने मूकपटातील भूमिकेच्या निमित्ताने इंद्रादेवी हे नाव घेतले होते, शिष्यत्वाची मागणी केली. ती मुंबईतील चेकोस्लोव्हाक वकिलातीतील अधिकाऱ्याची पत्नी होती. कृष्णमाचार्यांनी प्रथम स्पष्ट नकार दिला. ती परदेशी, आणि त्यात स्त्री. महाराजांनी आग्रह धरला तेव्हा ते तयार झाले, परंतु आहार, दिनचर्या आणि वेळ यांविषयी असे कडक नियम घातले की, ती आपण होऊन परत जाईल. ती गेली नाही. नियम पाळण्यास भाषेचे पांडित्य लागत नाही. तिने आचरणाने आपली पात्रता सिद्ध केली आणि गुरूंचे मन बदलले. पतीची बदली चीनला झाली तेव्हा कृष्णमाचार्यांनी तिला शिकविण्याची आज्ञा केली, आणि त्यापूर्वीचे काही दिवस तिला समोर बसवून आसने, प्राणायाम व आहार यांविषयीची टिपणे लिहून घ्यावयास लावली. ज्याने परक्या स्त्रीला दारातूनच परत पाठविण्याचा प्रयत्न केला, त्यानेच तिच्या वहीत आपली विद्या तिला समजेल अशा रूपाने उतरवून दिली. ही वही घेऊन ती १९३९ मध्ये शांघायला गेली आणि १९४७ मध्ये अमेरिकेत. पुढे १९८५ मध्ये अर्जेंटिनात जाऊन २००२ पर्यंत, म्हणजे मृत्यूपर्यंत, ती तेथेच राहिली.

१९४० मध्ये कृष्णराज वडियार निवर्तले. स्वातंत्र्यानंतर संस्थानच विलीन झाले, योगशाळेचा आश्रय आटला आणि १९५० मध्ये ती बंद पडली. वयाच्या साठीनंतर कृष्णमाचार्यांना पुन्हा नव्याने सुरुवात करावी लागली. ते मद्रासला गेले. तेथे त्यांच्या अध्यापनाचे रूप बदलले. मुलांच्या समूहाला अंक घालून शिकविण्याऐवजी ते एकेका व्यक्तीची प्रकृती पाहून शिकवू लागले, कारण आता समोर येत ते प्रौढ आणि रुग्ण. व्यक्तिगत शिक्षणाला संवाद हवा असतो. रुग्णाला कोठे दुखते हे त्याने सांगितले पाहिजे आणि शिक्षकाला ते कळले पाहिजे. १९६१ मध्ये न्यूझीलंडहून आलेल्या एका स्त्रीचा निद्रानाश त्यांच्या उपचाराने दूर झाला आणि तिने भर रस्त्यात या सोवळ्या वृद्ध पंडिताला आनंदाने मिठी मारली. हे दृश्य पाहून त्यांचे अभियंता असलेले पुत्र देशिकाचार यांनी नोकरीचा विचार सोडून वडिलांकडे शिकण्याचा निश्चय केला. भाषेच्या दृष्टीने ही घटना निर्णायक ठरली. आधुनिक शिक्षण घेतलेला आणि इंग्रजीत सहज बोलणारा पुत्र आता गुरू आणि परदेशी शिष्य यांच्यामध्ये उभा राहिला. १९७६ मध्ये देशिकाचार यांनी कृष्णमाचार्य योग मंदिराची स्थापना केली. गुरू स्वतः अखेरपर्यंत सूत्रांचे पठण आणि संस्कृत रचना यांत रमले. २८ फेब्रुवारी १९८९ रोजी, वयाची शंभर वर्षे पूर्ण झाल्यानंतर, त्यांचे मद्रास येथे निधन झाले.

इकडे म्हैसूरमध्ये त्यांचे जुने शिष्य के. पट्टाभि जोइस संस्कृत महाविद्यालयात अध्यापन करीत लक्ष्मीपुरम् येथील घरी वर्ग चालवीत होते. त्यांचे 'योगमाला' हे पुस्तकही कन्नडातच, १९६२ मध्ये निघाले. १९६४ मध्ये बेल्जियमचे आंद्रे व्हान लिझबेथ त्यांच्याकडे शिकून गेले आणि मग पाश्चात्य विद्यार्थ्यांची रीघ लागली. १९७५ मध्ये जोइस प्रथम अमेरिकेस गेले तेव्हा पुत्र मंजु त्यांच्यासमवेत होते आणि भाषांतराचा भार त्यांनी वाहिला. मद्रासमध्ये जे देशिकाचारांनी केले, तेच येथे दुसऱ्या रीतीने घडले. जोइस यांच्या शाळेने मात्र जुन्या योगशाळेचे अंकगणित सोडले नाही. एकम्, द्वे, त्रीणि हे अंक, आसनांची संस्कृत नावे आणि चुकले तेथे गुरूचा हात, या तीन साधनांवर परदेशी विद्यार्थी पहाटेचा वर्ग पार पाडू लागला.

ही तीन साधने किती पुरी पडतात, हा खरा प्रश्न आहे. अंकाने क्रम कळतो, नावाने आकार कळतो, स्पर्शाने दुरुस्ती होते. पण हे का करावयाचे, कोणी करू नये, दुखले तर कोठे थांबावे, हे सांगण्यास वाक्य लागते, आणि वाक्य दोघांच्या समान भाषेत असावे लागते. शब्दाविना केलेल्या स्पर्शाला विद्यार्थ्याने हरकत घ्यावी तरी कशी, हाही प्रश्न आहेच. जोइस यांच्या मृत्यूनंतर काही माजी विद्यार्थिनींनी त्यांच्या स्पर्शाविषयी जाहीर तक्रारी केल्या. या तक्रारींचे मूळ केवळ भाषेच्या अडसरात शोधणे चूक ठरेल, कारण तेथे सत्तेचा प्रश्न अधिक मोठा आहे. तथापि मौनावर उभारलेल्या अध्यापनात प्रश्न विचारण्याची सोय किती उरते, याचा विचार त्या प्रकरणाने अपरिहार्य केला.

कृष्णमाचार्यांच्या जीवनात या प्रश्नाची दोन्ही टोके दिसतात. तरुणपणी त्यांनी अशी शिस्त घडविली की, जी भाषेविना चालू शकते. उत्तरायुष्यात ते अशा अध्यापनाकडे वळले की, जे संवादाविना चालूच शकत नाही. जगात अधिक पसरली ती पहिली पद्धत, कारण तिला दुभाष्याची गरज कमी. इंद्रादेवीच्या वहीचा प्रसंग या दोहोंच्या मध्ये येतो आणि म्हणूनच तो महत्त्वाचा आहे. तेथे गुरूने केवळ हालचाल दिली नाही, तर तिच्यामागचे विवरणही परक्या शिष्येच्या हाती लिखित स्वरूपात दिले.

भारतीय भाषांच्या अभ्यासकांवर यातून एक जबाबदारी येते. म्हैसूरला येणारा परदेशी विद्यार्थी संस्कृत अंक आणि आसनांची नावे पाठ करून जातो. परंतु ज्या कन्नड गद्यात या पद्धतीचा विचार प्रथम मांडला गेला, ते त्याला अपरिचित राहते. आपल्याकडचीही स्थिती फारशी वेगळी नाही. मराठी वाचकाला अय्यंगारांमुळे या परंपरेची एक शाखा जवळून माहीत आहे. मूळ खोडाविषयी मात्र तो बहुधा इंग्रजीच्या मध्यस्थीनेच जाणतो. कन्नडातून सरळ मराठीत येण्याचा मार्ग बेळगाव-धारवाडच्या भूमीत शतकानुशतके वाहता राहिला आहे, आणि १९३० नंतरच्या दशकात ही विद्या त्याच मार्गाने पुण्यात आली. 'योगमकरंद' आणि 'योगासनगळु' यांचा मूळ कन्नडावरून, संस्कृत आधारग्रंथांशी ताडून केलेला अभ्यास मराठीत होणे इष्ट आहे. त्यामुळे कृष्णमाचार्य हे केवळ थोर शिष्यांचे गुरू म्हणून नव्हे, तर एका भारतीय भाषेतील शास्त्रीय गद्याचे लेखक म्हणूनही आपल्याला वाचता येतील.